आजोबांनी स्टुलावर चढून काढलेला फोटो

माझे आजोबा पाच आठवडे मोठे फोटोग्राफर होते. ते वारून नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांनी काही हरकत घेतली नाही.

चूक माझीच. आमच्या घरातून युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, जाणारा मी पहिला. आई-पप्पा इथे ऑस्ट्रेलियात ब्लॅकटाउनला शिफ्टमध्ये काम करतात, आणि वर्गात सांगण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही असं मला कायम वाटायचं. अशात जुन्या फोटोंचा विषय शिकवणाऱ्या जुडिथबाईंनी घरातला एक जुना फोटो आणून त्यावर निबंध लिहायला सांगितला. निम्मे मार्क त्याचेच! आमच्याकडे असा फोटो एकच होता. पन्नासच्या दशकातली मुंबई, मागे ट्राम, आणि पुढे त्या काळची एक मोठी नटी चक्क रस्त्यावर उसाचा रस पितेय. (तिचं नाव सांगत नाही. आता तर मुळीच नाही.)

आजोबा तेव्हा गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओत शिपाई होते. मी कराडला आत्याला फोन लावला.

"आत्या, हा फोटो आजोबांनीच काढला ना?"

"मग! अण्णांनीच काढला. स्टुलावर चढून!"

"स्टुलावर?"

"हो तर. हात नुसते लटलट कापत होते म्हणायचे."

मला एवढं पुरलं. मी दोन हजार शब्द लिहिले. जन्मभर नट्यांकडे खालून पाहणारा गरीब माणूस स्टुलावर चढतो आणि पहिल्यांदाच एका नटीकडे वरून पाहतो! फोटो जरा धूसर होता, त्याला मी 'श्रमिक हातांची थरथर' म्हटलं. (खरं तर फोटो सरळ समोरून काढलेला दिसत होता. पण तासभर टक लावल्यावर मला तो वरून दिसायला लागला.) निबंध वाचून जुडिथबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला ते स्टूल जाणवतंय!" असं म्हणून त्यांनी फोटो थेट युनीच्या प्रदर्शनात लावला. खाली आजोबांचं नाव.

नेमकी तेव्हाच आत्या आमच्याकडे राहायला आली. पप्पांनी शिफ्ट बदलून घेतली, आईने आत्याला आपली पैठणी नेसवली, आणि आम्ही सगळे ट्रेनने प्रदर्शनाला गेलो. जुडिथबाईंनी चाळीस माणसांसमोर आत्याचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, फोटो काढताना त्यांच्या वडिलांना काय वाटत होतं?"

मी मराठीत विचारलं.

"काय वाटणार?" आत्या म्हणाली. "स्टुलाचा एक पाय मोडका. पडतो की काय, असं वाटत होतं."

"अगं, पण समोर ती नटी होती ना?"

"कुठली नटी? ती भिंतीवर! मालक म्हणाला, हिचे पिक्चर पडायला लागले, काढ तो फोटो, दुसरीचा लावू. अण्णांनी काढला. टाकून दे म्हणाला, तर घरी आणला."

"म्हणजे... काढला म्हणजे उतरवला?"

"मग आणखी काय? शिपायाला कॅमेऱ्याला हात लावू देत होते होय!"

"काय म्हणाल्या त्या?" जुडिथबाईंनी डोळे मिटून विचारलं.

पप्पा माझ्या कानाशी आले. "सुम्या, काहीतरी सांग रे! म्हणावं, अण्णा भारावून गेले होते."

निम्मे मार्क माझ्या जिभेवर बसले होते. इंग्रजीत 'टुक'पुढे फक्त एक 'डाउन' लावायचा होता. तेवढा लावायला मला मिनिटभर लागलं. पण लावला.

चाळीस माणसांनी माना वळवून पुन्हा फोटोकडे पाहिलं! एकटी आत्या खूश. तिला वाटलं, भाषण रंगलं.

"नो वरीज," जुडिथबाई अखेर म्हणाल्या, पण चेहऱ्यावर वरीजच वरीज होत्या. (स्टूल त्यांनाही जाणवलं होतं ना!)

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या जागी 'फोटोग्राफर अज्ञात' अशी पट्टी आली. खरं बोललो म्हणून मला काठावर पास केलं, पण निबंध काही परत मिळाला नाही. पुराव्याशिवाय लिहिलं की काय होतं, हे शिकवायला तो आता पहिल्या वर्षाच्या मुलांना दर सेमिस्टरला वाटतात. वर माझं संपूर्ण नाव आहे. युनीने माझं आडनाव पहिल्यांदाच बरोबर छापलंय!