मोजणीवाल्यांची तिवई

लाकडाचा, लांब भात्याचा, एका वेळी एकच मोठी फिल्म घेणारा जुना कॅमेरा मी विकत घेतला, तेव्हा आमच्या फोटोग्राफी क्लबातल्या पुरुषांना माझी अचानक काळजी वाटू लागली. हा क्लब रविवारी रावेतच्या एका कॅफेत भरतो. प्रत्येकाच्या पाठीवर महागडी बॅग, आणि आतल्या मालातून निघालेलं कर्तृत्व काय, तर एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा. सगळ्यांच्या रेघा सारख्याच. एकमेकांचे फोटो अदलाबदल झाले तरी कुणाला कळायचं नाही.

क्लबचा म्होरक्या मोठ्या पगाराच्या आयटीतला. कॅमेऱ्याकडे बघत तो म्हणाला, "ताई, हे धूड तुम्हाला झेपायचं नाही. आणि कार्बन फायबरचा ट्रायपॉड नसेल तर बाहेर काढूच नका. स्वस्तातलं काही चालत नाही याला."

मी चाकणच्या एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासते. वस्तू किती हलते आणि का हलते, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. पण ते विचारण्याइतकी उत्सुकता त्या टेबलावर कुणालाच नव्हती.

चिंचवडच्या दुकानात गेले. विक्रेत्याने एक चकचकीत ट्रायपॉड उभा केला आणि खोक्यावरचं वाचून दाखवलं, "दहा किलो पेलतो, मॅडम." मी वरचा भाग दोन बोटांनी पिळला. तो मानेतून सहज फिरला.

"मॅडम, असं नाही करायचं."

"वारा करेल तेव्हा त्यालाही सांगणार का?"

त्यावर त्याने मला रील काढणाऱ्यांचा स्टँड दाखवला. जो खरोखर घट्ट होता, त्याची किंमत ऐकून मी तो अलगद परत ठेवला.

पुढच्या रविवारी क्लब डोंगरावर गेला. म्होरक्याने मोठ्या मनाने आपला कार्बनचा ट्रायपॉड मला दिला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी कॅमेरा चढवला, भाता पुढे ओढला, डोक्यावर काळं कापड घेतलं. मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं दिसतं. पायथ्याचं ते उलटं गाव माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू सरकायला लागलं. पुढच्या वजनाने ट्रायपॉडचं डोकं मान टाकत होतं. मी कापडाबाहेर आले आणि सांगितलं.

"मग तुमचा कॅमेराच चुकीचा आहे," तो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून मी त्या कॅफेत कॉफीसाठीसुद्धा गेले नाही.

मला हवी ती वस्तू चिखलीतल्या एका भंगारवाल्याकडे सापडली. जमीन मोजणारे जिच्यावर दुर्बीण ठेवतात, ती जुनी लाकडी तिवई. जाड पाय, खाली लोखंडी टोकं. त्याने ती लोखंडाच्या भावातही धरली नाही, जळाऊ लाकूड म्हणून काट्यावर टाकली. तिच्या माथ्यावरचा बोल्ट कॅमेऱ्याला फार जाड होता. मी मधे बसणाऱ्या जोडतुकड्याचं, म्हणजे बुशचं, ड्रॉइंग काढलं आणि शेजारच्या गल्लीतल्या वर्कशॉपमधून ते पितळेत करून घेतलं. घरी, रहाटणीच्या गॅलरीत कॅमेरा चढवून पायावर टिचकी मारली. काचेवरचं चित्र थरथरलं आणि लगेच थांबलं. तिचं वरचं डोकं झुकवता येत नाही, त्यामुळे पाय कमीजास्त करून सपाटी साधावी लागते. तेवढं मला जमतं.

चाकणच्या बाजूला तीन कारखान्यांच्या कंपाउंड भिंतींमध्ये अडकलेलं ज्वारीचं एक शेत मी कंपनीच्या बसमधून रोज बघायची. सुट्टीच्या सकाळी तिथे गेले, टोकं मातीत रोवली आणि कापडात शिरले. दोन मिनिटांत बाहेर आरडाओरडा.

"ओ मॅडम! कुनाच्या अर्जावर मोजनी लावली?"

कापड काढलं, तर समोर साठीचा गृहस्थ, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी. मागून पांढरी गाडी आली आणि तिच्यातून तसाच दुसरा उतरला. हा धाकटा भाऊ. तो माझ्याशीच बोलला, मोठ्याकडे न बघता. "त्यांनी बोलावलं ना तुमाला? आमाला नोटीस न्हाई. बांध दोन हात आमच्यात सरकवलाय त्यांनी."

"मी फोटो काढतेय," मी म्हटलं.

"फोटोला ही तिवई?" मोठा म्हणाला. "येडं समजता व्हय आमाला?"

भोवतालची एकरच्या एकर जमीन दोघांनी हसत विकली होती, हे त्यांच्याच बोलण्यातून कळलं. भांडण होतं ते या दोन हातांवर. मला दोघांचीही किळस आली. वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी कापड उचलून मोठ्याला आत बोलावलं.

तो बराच वेळ आत राहिला. मग कापडातूनच आवाज आला, "आरं, हे तर उलटं हाय. ये, बघ."

धाकटा क्षणभर घुटमळला. पण गेला. दोन म्हातारी ढुंगणं कापडाबाहेर आणि आतून पोरांसारखं खिदळणं. बाहेर आल्यावर मात्र दोघेही पुन्हा ताठ.

"आमचा काढा," मोठा म्हणाला. बांधाच्या अल्याडपल्याड दोघे उभे राहिले, मधे हातभर अंतर, तोंडं कॅमेऱ्याकडे. ज्वारीतून वारा सुटला होता, कणसं हलत होती. तिवई जागची हलली नाही. मी एकच फिल्म टाकली.

ती धुतल्यावर साखळीची कडीन् कडी मोजता येत होती आणि हललेली कणसं धुरासारखी आली होती. इतका चांगला फोटो मी आधी काढला नव्हता. आणि तो या दोघांचा निघावा, याचा थोडा रागही आला.

प्रिंट देण्याआधी धाकट्याचा फोन आला. "मॅडम, माझ्या कॉपीतनं त्याला कापून द्या."

"कापून मिळत नाही," मी म्हटलं.

दोघांनाही अख्खाच फोटो नेऊन दिला. मोठ्याने पिशवीत घालून ठेवला. धाकट्याने गाडीच्या बॉनेटवर ठेवून तो बरोबर बांधावरून मागे दुमडला, नखाने घडी पक्की केली, आणि स्वतःकडे बघत म्हणाला, "झकास आलाय राव."