पाणी न घातलेली कुंडी

तात्या राणे गेल्याचा फोन कणकवलीहून आला, तेव्हा मी इथे आखातात, रुवीतल्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोर त्यांचाच निवडुंग. सहा आठवडे झाले, अजून पटत नाही.

तात्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दिवसभर एसी दुरुस्त करायचे आणि गच्चीवर निवडुंग वाढवायचे. मी लग्न होऊन साताऱ्याहून नवी नवी आले होते. खिडकीबाहेरचे बोडके डोंगर बघून रडू यायचं. तात्यांनी एक छोटी कुंडी आणून दिली. आई फोनवर ओरडली, "काटेरी झाड घरात? भांडणं लागतील, बाई!" मी कुठली ऐकते! रोज अंघोळ करून त्याला तांब्याभर पाणी घालायचे, अगदी भक्तिभावाने. महिन्याभरात ते बुडापासून कुजलं.

"अगो, ती काय तुळस आसा?" तात्यांनी कपाळावर हात मारला. "मायेन मारलंस गो तेका!" मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग त्यांनी कुजका भाग कापून टाकला, वरचा तुकडा आठवडाभर सावलीत सुकवला आणि वाळूत लावला. उदबत्तीची उरलेली काडी मातीत खुपसून बघायची, ओली निघाली तर पाणी नाही, हा त्यांचा कायदा. "हंय ऱ्हवाचा आसात तर थोडक्यात भागवूक शिकाक होया," म्हणायचे... ते मलाच होतं, कळत होतं मला. तुकड्याने मूळ धरलं, आणि हळूहळू मीही रुळले.

थंडीच्या सुरुवातीला तात्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी गावी निघाले. त्यांचा सर्वांत जुना निवडुंग आमच्या गॅलरीत आणून ठेवला. "थंडीत हेका तहान लागत नाय. मी इलंय काय मीच घालतलंय पाणी. तू हात लावू नको, तुझो भरवसो नाय!"

"पण येणार कधी?"

"उन्हाळ्याआधी. इन्शाल्ला."

मी शब्द पाळला. बातमी आल्यावरही पाळला. पाणी घातलं, तर तात्या आता येणार नाहीत हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं... पण आता ऊन चटके देतंय आणि निवडुंगाच्या अंगावर सुरकुत्या पडल्यात. आज सकाळी देवापुढची काडी घेतली, मातीत खोल खुपसली. कोरडी ठणठणीत निघाली.

तांब्या भरून आणला. "तात्या, रागावू नका हं," मी म्हणाले, आणि पाणी घातलं.