जिताड्याच्या तुकड्या आणि लॉबीची भिंत

गुरुवार. शनिवारी वास्तुशांती. स्थळ: नवीन पनवेल, माझा स्टुडिओ, म्हणजे तळमजल्यावरचा गाळा. हजर: मी, फ्रेमवाले इम्तियाजभाई आणि स्टीलच्या डब्यात एक जिताडा.

डबा उघडला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. जिताड्याची खवलं काढलेली. तुकड्या पाडलेल्या. वर हळद-मीठ.

"मॅडम," इम्तियाजभाई म्हणाले, "ह्याला आता फक्त नारळ वाटायचा बाकी आहे."

मला तो मासा खायला नको होता. छापायला हवा होता.

मी अमूर्त चित्रं करते. मिक्स्ड मीडिया, म्हणजे एकाच चित्रात शाई, कागद, कापड, जुनं जाळं असं जे लागेल ते. पद्धत बरीचशी जपानी. तिथले कोळी पूर्वी पकडलेल्या माशाला शाई लावून त्यावर पातळ कागद दाबत. माशाचा हुबेहूब ठसा उठे. त्याला ग्योताकू म्हणतात. मी ते ठसे फाडते, एकावर एक चिकटवते, मध्ये मोकळी जागा सोडते. शेवटी मासा दिसत नाही, त्याची चाहूल राहते.

करंजाड्याच्या घरतशेठना नेमकं हेच हवं होतं. शनिवारची वास्तुशांती त्यांच्या नव्या बिल्डिंगची, आणि तिच्या लॉबीत मोठी भिंत होती. अट त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली. "आमच्या गावची खूण पायजे. पण मासा दिसायला नको. निम्मी बिल्डिंग व्हेजवाली हाय."

गावची खूण म्हणजे जिताडा. इकडे रायगडात हा मानाचा मासा. घरच्या तलावात वाढवतात आणि ज्याचा मान ठेवायचा त्याच्याकडे पाठवतात. खवलं नाण्याएवढी, ठसा झकास उठतो. मी शेठना लिहून दिलं होतं: मोठा हवा, ताजा हवा, गुरुवारी सकाळी हवा. तिन्ही गोष्टी पाळल्या गेल्या. अख्खा हवा, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं. आणि मानाच्या माणसाकडे न साफ केलेला मासा पाठवायचा, हे त्यांच्या घरात कुणाला सुचणार नव्हतं.

फोन लावला.

"शेठ, जिताडा मिळाला. पण तुकड्या..."

"मंग! आय पहाटेच विळी घेऊन बसली. बोलली, ती बाय सातारची, तिला खवलं काढाय जमनार नाय."

"मला खवलंच हवी होती."

पलीकडून जपून प्रश्न आला, "तुमच्याकडं खवलांचं कालवण करतात?"

मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. तलावात मोठा तो एकच होता, बाकीची पिल्लं. बंदरावर माझी एक मासेवाली आहे, तिलाही विचारलं. "जिताडा आज नाय हो ताई, सुरमई घ्या." सुरमईला खवलं कुठली?

शेठनी पुन्हा फोन केला. "टेन्शन नका घेऊ. आपल्याकडं धबधब्याचा फोटो हाय, मागनं लाइट पेटतो. नाय जमलं तर उद्या संध्याकाळी तोच लावू."

धबधबा! माझी चित्रं आजवर लोकांच्या हॉलमध्ये, बंद दारांआड लागली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला रोज दिसेल अशी ही पहिली भिंत. आणि तिथे पाठीमागून पेटणारा धबधबा लागणार.

पॅनल तयार होतं. जाळं, ताग, कापड गव्हाच्या खळीने चिकटवून झालं होतं. मधला पट्टा तेवढा रिकामा. इम्तियाजभाई त्या रिकाम्या पट्ट्याकडे आणि डब्याकडे आळीपाळीने बघत होते.

मी एक तुकडी धुतली, पुसली, कापलेल्या बाजूवर काजळीची शाई लावली. काय होतं ते बघू, एवढाच विचार. कागद दाबला, उचलला.

कमान! एकात एक बसलेल्या रेघांची कमान, मधोमध काट्याचा ठिपका, आणि शिल्लक हळदीची पिवळी कड.

"चाँद आहे हा," इम्तियाजभाई म्हणाले.

दुसरी तुकडी छापली. तिला खेटून तिसरी. आता माझा आवाज चढला. जपानी कापडावर, भांड्यांवर लाटांची एक नक्षी असते, कमानीवर कमान. ती मी कंपासने किती वर्षं काढत होते, आणि दर वेळी बाथरूमच्या टाइल्स वाटायच्या. इथे प्रत्येक कमान वेगळी. डोक्याकडची रुंद, शेपटीकडे येता येता अरुंद. लाट चढावी आणि ओसरावी तशी!

"पुढची द्या! नाही, ती नको, पोटाकडची!"

"मॅडम, मला काय माहीत पोट कुठलं? मी मटण खाणारा माणूस!"

ठसे चिकटवून पट्टा भरला. भरला म्हणजे निम्मा. उरलेला मोकळा ठेवला, कारण लाटेला फुटायला जागा लागते. खळ दमट हवेत लवकर वाळत नाही आणि घाई केली की कागदाला सुरकुत्या पडतात, म्हणून इम्तियाजभाईंनी पंखा भिंतीकडे तोंड करून लावला. वास कोंडायला व्हार्निश. हळद उजेडात उडते, हे शेठना सांगून ठेवलं. ते म्हणाले, "उडू द्या, बिल्डिंगचा कलर पन उडतो."

शुक्रवारी संध्याकाळी चित्र भिंतीवर चढलं. धबधबा गोडाऊनमध्येच राहिला.

शनिवारी लॉबीत गर्दी. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हेज बाईंना मोराची पिसं दिसली. शेठना खाडीची भरती दिसली. ते दहा जणांना तेच सांगत होते. मी हवेत होते.

मग शेठची आई चित्रासमोर आली. एकेका कमानीला बोट लावलं. "ही शेपटीकडची. ही पोटाची. हितं माजी विळी अडकली व्हती."

खरंच, त्या कमानीला एक खाच होती. मी ती मुद्दाम ठेवलेली रेघ म्हणून मिरवत होते.

आई माझ्याकडे वळली. "मंजे बाय, तू खाल्ला नाय?"

शेठ छताचं पीओपी बघू लागले.

"शाई लागली ना, आई."

"शाई," ती म्हणाली. पुन्हा चित्राकडे बघितलं. "दिसतो बरा. पन खायाला अजून बरा व्हता."

पुढच्या रविवारी शेठचा ड्रायव्हर पिशवी देऊन गेला. आईंच्या भावाच्या तलावातला जिताडा. अख्खा, खवलांसकट. सोबत निरोप: आता तुजा तू साफ कर. पन खायाचा.

यातून मी एक शिकले. ऑर्डर देताना काय हवं ते लिहावं, आणि काय करू नये तेही लिहावं. माझ्या कागदावर आता दोन रकाने असतात.

कामांच्या यादीत एक ओळ अजून खोडायची आहे: जिताडा साफ करणे, खाणे, आईंना कळवणे. फ्रीजर उघडला की खवलं चमकतात. शाईची बाटली शेजारच्याच शेल्फवर आहे.