चाकांपाशी चुना

अमावस्येला नव्या घरात राहायला गेलेला माणूस मी. साताऱ्यात आमच्या कट्ट्यावर भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी खिल्ली उडवणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय — पण लिहितो.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी केतकी एकटीच गाडी घेऊन तासगावला मामाकडे निघाली होती. पलूसच्या पुढे, बेदाण्याच्या एका शेडसमोर, मोटारसायकलशी समोरासमोर धडक. तो पोरगा पाय मोडून सांगलीत अॅडमिट. केतकीच्या डोक्याला मार. त्या क्षणाचं तिला काहीच आठवेना. पोराचे नातेवाईक म्हणत होते, "पोरगीच राँग साइडला आली." वाहतूक अडली म्हणून लोकांनी गाडी ढकलून कडेला लावलेली... पोलीस आल्यावर बघणार काय? आणि केतकीचं एकच — "बाबा, माझंच चुकलं असणार." जेवेना, झोपेना. मला केसपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जागेचे फोटो काढायला गेलो. काचांचा चुरा, ऑइलचा डाग... आणि डांबरावर पांढऱ्या खुणा. चुना! बोटानं ओढलेला. ट्रॅक्टर जाऊन जाऊन थोडा पुसलेला, पण स्पष्ट. प्रत्येक चाकाच्या जागी एक काटकोन, आणि पुढच्या चाकांपाशी ती वळली होती त्या दिशेला बाण. सगळ्या खुणा मधल्या पट्ट्याच्या डावीकडे, चांगल्या आत. बाण रस्त्याच्या कडेकडे.

मी खाली वाकून एका बाणावरून बोट फिरवलं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. गाडी कुठे घासली की ती हलवायच्या आधी तंबाखूबरोबरच्या डबीतला चुना घेऊन चाकांच्या खुणा करायचे — अश्शाच, बाणासकट. त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली. केतकीनं त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

शेडवरच्या मावशींना विचारलं.

"आवं, एक म्हातारं खाली बसून चुना लावत हुतं की. खाकी शर्ट हुता, मला वाटलं पोलीसच हाय. लोकं गाडी ढकलाय आली, तर हातानंच थांबा म्हनलं."

ठाण्यात हवालदार हसले. "आमी फोटो काढतो साहेब. चुना कोन लावतंय?" पण माझे फोटो त्यांनी ठेवून घेतले.

वडिलांच्या गाडीवरच्या जुन्या कंडक्टर काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बाणावर बोट ठेवलं. "बान काढनारा त्यो एकटाच रं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी केतकीनं बाण झूम करून पाहिला. "म्हणजे मी डावीकडेच घेत होते?"

"हो बाळा."

अपघातानंतर पहिल्यांदा ती रडली. खूप रडली. मग आईकडे भाकरी मागितली.

कुणी जुना ड्रायव्हर तिथून चालला असेल, त्यानं केलं असेल, असं मी स्वतःला समजावतो. पूर्ण पटत नाही... आणि दुसरं काही सांगताही येत नाही.

मागच्या आठवड्यात केतकी पुन्हा स्टीअरिंगवर बसली. निघण्याआधी तिनं कपाटातून आजोबांची चुन्याची डबी आणून डॅशबोर्डवर ठेवली. मी खिल्ली उडवली नाही.