सासूबाईंच्या कानाचं माप

समस्त धाराशिवकरांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, यंदाच्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या राहत्या घरी माझ्या सासूबाईंच्या दोन्ही कानांचं माप घेण्यात आलं. त्या वेळी प्रमुख तंत्रज्ञ, म्हणजे मी, घराबाहेर कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून उभा होतो. सदर प्रसंगी कुणालाही इजा झाली नाही.

घोषणा करणं हा माझा धंदाच आहे. जिल्ह्यातली लग्नं, सत्कार आणि कुस्त्यांचे फड मी माइकवरून गाजवत आलोय. आवाज म्हटलं की माझा जीव खुळा होतो. म्हणूनच आमच्या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक ढोलासारखी पेटी आहे, आणि म्हणूनच बायको त्या हॉलला 'मंडप' म्हणते.

डिसेंबरात त्या मंडपात सासूबाई राहायला आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढायचा नाही, आणि दोन महिने रोज व्यायाम करून घ्यायला बाई येणार. एवढं सगळं जळकोटला होण्यासारखं नव्हतं. म्हणून हॉलमध्ये पलंग टाकला आणि समोर टीव्ही आला.

जळकोटचं त्यांचं घर अगदी हायवेला लागून. दिवसभर दारावरून ट्रक जातात, त्यामुळं त्या घरात टीव्ही मोठा करायचा नसतो, तो मोठाच असतो. कान चांगले शाबूत असूनही सासूबाईंना तेवढ्याच आवाजाची सवय. संध्याकाळी मालिका लागली की आमच्या भांड्यांच्या मांडणीवरचे तांबे थरथरायचे.

भिंतीपलीकडं आमची लेक बारावीच्या अभ्यासाला बसलेली. पोरगी गुणी, चकार शब्द बोलली नाही. पण एकदा संध्याकाळी सासूबाईंनी तिला कानात कापूस कोंबून, शाल पांघरून, गच्चीच्या पायऱ्यांवर रसायनशास्त्र पाठ करताना पाहिलं. झालं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि बंद टीव्हीकडं बघत बसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली.

"आयतवारी मला जळकोटच्या गाडीत बशिवा," त्या म्हणाल्या.

"आई, अजून महिनाभर व्यायाम आहे," बायको म्हणाली.

"गुडघा माझाय. पोरीचं वरीस मोडून मला न्हाय गुडघा नीट करायचा."

त्या रात्री बायको स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज पक्का. "अहो, आई अर्धवट गुडघ्यानं गेली तर परत धड चालायची नाही. एवढी वर्षं त्या पेट्या पुसतेय मी. त्यांचा काही उपयोग असेल तर आत्ता दाखवा."

हेडफोन आम्ही आधीच देऊन पाहिला होता. सासूबाईंनी दोन मिनिटांत काढून ठेवला. "मानूस डोस्क्यात बसून बोलतंय. मला भ्या वाटतं."

त्यांची तक्रार शंभर टक्के शास्त्रशुद्ध होती. साध्या हेडफोनचा आवाज कवटीच्या मधोमध येऊन बसतोच. त्याला उचलून बाहेर नेऊन ठेवणारी एक काळी डबी माझ्याकडं होती. दोन्ही कानांत हरभऱ्याएवढे माइक घालून स्पीकरसमोर बसायचं. एकेक स्पीकर पाळीपाळीनं लांबलचक शिट्टी मारतो, आणि या माणसाच्या कानाशी कुठला आवाज कसा पोचतो ते डबी टिपून घेते. नंतर हेडफोन लावला की आवाज त्याच खोलीत, त्याच जागच्या स्पीकरमधून येतोय असं वाटतं. अट एकच, ज्याचं माप त्यालाच लागू. माझं माप माझ्याच कानाला. सासूबाईंसाठी सासूबाईंचेच कान पाहिजेत.

"कानात हरभरा?" त्या म्हणाल्या. "माज्या भावानं ल्हानपणी घातला हुता. काढाया तुळजापूरला न्यावं लागलं."

"हा दोरी बांधलेला हरभरा आहे, आई. ओढला की बाहेर."

"जमलं तर ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "न्हाय जमलं तर आयतवारी गाडी."

शुक्रवारी पहिलं माप घेतलं. माइक बायकोनं बसवले. सासूबाई खुर्चीत देवीसारख्या ताठ. शिट्ट्या झाल्या, दिवे लागले, मी ऐटीत हेडफोन त्यांच्या हाती दिला आणि टीव्ही लावला.

"कसं वाटतंय?"

"डोस्क्यातनं भाईर आलाय."

मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पर आता कणगीत जाऊन बसलाय. वरनं झाकण बी लावलंय."

मी हबकलो. वायरी उलट्यासुलट्या करून पाहिल्या. टेप घेऊन खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं. ढोलपेटी एक वीत मागं सरकवली. पुन्हा माप, पुन्हा कणगी. तिसऱ्यांदा तर शिट्टीच्या मधोमध खसखस असा आवाज शिरला आणि डबीनं लाल दिवा लावून माप नाकारलं. मी डबीला मनातल्या मनात जे बोललो ते इथं छापण्याजोगं नाही.

बायको कडेला उभी राहून शांतपणे बघत होती. ती म्हणाली, "आई, पदर कानावरून काढ की."

तेव्हा मला दिसलं. खरं म्हणजे रोजच दिसत होतं. सासूबाईंच्या इरकलीचा जाडजूड पदर कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही कान दाबून, चापूनचोपून घेतलेला. माइक त्याच्या आत. कानाची पाळी त्याखाली चपटी झालेली. दर मिनिटाला पदर सावरायचा, की खसखस! मी डबीला जो कान शिकवत होतो, तो गोधडीत गुंडाळलेल्या माणसाचा होता.

"जावयापुढं?" सासूबाईंनी लेकीकडं असं पाहिलं, की विषयच संपला.

मी विचार केला. सव्वीस वर्षं मी या बाईंचा जावई. धोंड्याच्या महिन्यात त्यांच्या हातचं पुरण खाल्लं, त्यांच्या आजारपणात उशाशी बसलो, आणि त्यांचा कान मी एकदाही पाहिलेला नाही.

आता पेच बघा. यंत्र कळतं ते फक्त जावयाला, आणि जावई समोर असला की कान झाकलेला. मग मी निकाल दिला की जावई हद्दपार!

म्हणून शनिवारी मी हॉलच्या उघड्या खिडकीखाली, अंगणात, पाठ करून उभा. बायकोनं खिडकी आड करायचं सुचवलं, पण मग माझं ऐकू गेलं नसतं. सासूबाईंनी दोनदा विचारून घेतलं, "त्येंचं त्वांड तिकडं हाय न्हवं?"

"भिंतीकडं आहे, आई!" मी ओरडलो. "भिंतीवर एक सरडा आहे, त्याच्याकडंच बघतोय!"

"मग पदर काढते. वळू नगासा."

"देवीची शपथ!"

"अहो, कुठलं बटण?" आतून बायको. तिनं जन्मात त्या डबीला फडक्याशिवाय हात लावला नव्हता.

"डावीकडून तिसरं! दाबलं की हिरवा लागेल!"

"लागला."

"आई, नाक टीव्हीकडं! मान हलवायची नाही! शिट्टी संपेपर्यंत गिळायचंसुद्धा नाही!"

सूंऽऽऽ करत शिट्टी चढत गेली. मग दुसरी, मग तिसरी.

"आता आई, डाव्या स्पीकरकडं बघा! नुसते डोळे नको, अख्खं डोकं!"

"डावा म्हंजी जेवायचा न्हाय त्यो न्हवं?"

"तोच! छाती समोर, तोंड डावीकडं! शाब्बास! थांबा तशाच!"

नेमके त्याच वेळी शेजारचे काका दुधाची बरणी घेऊन फाटकाशी थबकले. एक प्रौढ गृहस्थ भिंतीकडं तोंड करून हातवारे करतोय, 'आता उजवीकडं! श्वास सोडा!' असं ओरडतोय, आणि समोर सरड्याशिवाय कुणी नाही.

काकांनी हळूच विचारलं, "भाऊ, बरं हाय न्हवं?"

"काका, सासूबाईंचं माप चाललंय!"

काकांनी सरड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बरणी छातीशी धरून निघून गेले. ते अजूनही मला जरा जपूनच रामराम करतात.

शेवटचं माप हेडफोन घालून, माइक आतच ठेवून घ्यायचं असतं, म्हणजे हेडफोन स्वतः आवाजात काय फरक करतो तेही डबीला कळतं. तेही बायकोनं केलं. मग आतून माइक निघाले, हेडफोन पुन्हा कानांवर बसला आणि त्याच्यावरून पदर आला. "या आता," अशी हाक आली.

मी आत गेलो. पदराखाली दोन्ही बाजूंनी मोठे फुगवटे, मधे सासूबाईंचा गंभीर चेहरा. कोपऱ्यात त्यांची भरलेली पिशवी. माझी नजर सारखी तिकडंच जात होती. मी त्यांना दाखवून सगळे स्पीकर बंद केले आणि कालची मालिका पुन्हा लावली. हॉलमध्ये काही म्हणता काही ऐकू येईना. पलीकडच्या खोलीतून लेकीच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, एवढी शांतता.

पडद्यावर बायका तावातावानं भांडत होत्या. सासूबाई बघत होत्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. बायकोनं माझा दंड घट्ट धरला. ना हूं ना चूं, ना कणगी ना डोस्कं.

मग अचानक त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी टीव्हीकडं पाहिलं, बंद स्पीकरकडं पाहिलं, भिंतीपलीकडच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं. आणि त्या अख्ख्या शांत घरात, हायवेवरचा ट्रक थांबेल एवढ्या मोठ्यानं त्या माझ्यावर कडाडल्या, "अवं जावईबापू, बारीक करा की त्यो आवाज! पल्याड पोरगी अभ्यासाला बसलीय!"