दूध घ्यायच्या खोलीतली कार्यशाळा

दुष्काळाच्या त्या साली मी आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेची सचिव होते. संध्याकाळचं दूध अचानक घटलं. गायी तर दावणीलाच होत्या. कारण शोधायला वरच्या संघाने पुण्याहून एक प्रशिक्षक पाठवला. विषय डिझाइन थिंकिंग. म्हणजे ज्याची अडचण आहे त्याच्या जागी उभं राहायचं, ती समजून घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून उपाय काढायचा. बोलणं शहाणपणाचं होतं, एवढं मान्य करते.

संस्थेला एकच खोली, दूध घ्यायची. कार्यशाळा तिथेच. काटा कोपऱ्यात सरकवला, सतरंजी अंथरली. वर बसले कागदोपत्री सभासद असलेले पुरुष. त्यांतल्या एकानेही कधी धार काढली नव्हती. बायकांच्या अडचणी त्यांनी रंगीत चिठ्ठ्यांवर लिहिल्या. माझ्या शेजारणीच्या नवऱ्याने लिहिलं, 'आळस'. प्रशिक्षक म्हणाला, "छान! कुठलीच कल्पना चुकीची नसते." मग पुठ्ठ्याची किटली करून तिला चाकं लावली. टाळ्या पडल्या.

दूध घ्यायची वेळ पाचची. सहा वाजले तरी चिठ्ठ्या चालूच. तेवढ्यात शेजारीण किटली घेऊन दारात आली. तासभर ती बाहेर बसली होती.

"बाई, दूध कवा घेनार? तिकडं पान्याचा टँकर कवाचा आलाय."

"ताई, पाचच मिनिटं," प्रशिक्षक म्हणाला. "तुमच्याच अडचणीवर काम चाललंय."

"मंग उठा की हितून. तीच अडचण हाय."

"गप ए," नवरा आतून ओरडला.

"तुमी हंडे भरून आना, मी बसते चिठ्ठ्या लिवीत."

मी सतरंजी ओढली, काटा मांडला. चमचाभर दूध उकळून पाहिलं. फाटलं. ती किटली उचलायला लागली. तेव्हा मी विचारलं, "हल्ली संध्याकाळी कावून येत न्हाई गं?"

"टँकर पाचलाच येतो. पानी सोडू का दूध?"

महिनाभर मी काट्यावरून मान वर करून एवढं विचारलं नव्हतं. प्रशिक्षकाला हसायचा हक्क मला तेवढा कमीच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'टँकर गेल्यावर दूध घेतले जाईल.' शेजारीण आली, मागोमाग बाकीच्याही. दूध फाटलं नाही. पुठ्ठ्याची किटली मी तिच्या गाईपुढे टाकली. चाऱ्यावाचून वाळलेली ती गाय, पण तिनेही हुंगून तोंड फिरवलं.