टुंड्रातली झाडं

संग्रहालयात तिला सगळे पानबाई म्हणायचे, कारण ती पानं करायची. मेणाची, कापसाची, कागदाची. तिच्या नवऱ्याचं नाव पडलं होतं आभाळवाले. काचेमागच्या प्रत्येक देखाव्याची मागची भिंत त्यांची असायची. त्या गोलसर भिंतीवर ते असं आभाळ चढवायचे, असे दूरचे डोंगर उठवायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत पाऊल टाकलं तर चालत जाता येईल. तळमजल्यावरच्या लांब दालनात असे देखावे ओळीने होते. शिरल्याबरोबर वर्षावन, मग वाळवंट, गवताळ प्रदेश, सुयांसारख्या पानांचं थंड जंगल आणि अगदी टोकाला टुंड्रा. दारावर पाटी होती, 'पृथ्वीवरचे बायोम'.

लग्न होऊन आली तेव्हा हा शब्दही तिच्या कानावरून गेला नव्हता. शिवणकाम येत होतं, बोटं हलकी होती, तेवढ्या भांडवलावर नवऱ्याने तिला कामाला लावलं. पहिल्याच दिवशी तिने वर्षावनासाठी एक गोल, गुळगुळीत, फार सुरेख पान केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "देखणं आहे गं, पण तिथे हे कुजून जाईल."

"मेणाचं पान कसं कुजेल?"

"ते मेणाला माहीत नसलं तरी आपल्याला माहीत पाहिजे. तिथे बारमाही पाऊस. पान ओलं राहिलं की त्यावर शेवाळ धरतं. म्हणून तिथल्या कितीतरी पानांना लांब टोक असतं, पाणी गळून जायला. आधी ऊन किती, पाऊस किती ते विचारायचं, मग कात्री लावायची."

तशी ती शिकत गेली. वाळवंटात थेंब थेंब जपायचा, म्हणून तिथे पानांचे काटे होऊन बसतात. थंड जंगलात हिवाळा लांबलचक, तिथे झाडं सुया बाळगतात आणि अंगावरचं बर्फ घसरवून टाकतात. गवताळ प्रदेशात पाऊस मोठ्या झाडांना पुरत नाही, पण वाळवंट व्हावं इतका कमीही नसतो, तेव्हा गवताचं फावतं. आणि टुंड्रात जमीन खालून कायमची गोठलेली. मुळं जाणार कुठे? उन्हाळा आला म्हणेस्तोवर संपतो. तिथे झाड उभंच राहत नाही, शेवाळ आणि घोट्याएवढी झुडपं जमिनीला बिलगून दिवस काढतात. "हवा बदलली की झाडोरा बदलतो," ते म्हणायचे, "झाडोरा बदलला की जनावरं बदलतात. त्या सगळ्यांचा मिळून जो संसार, तो बायोम."

त्यांचा स्वतःचा संसार त्या दालनामागच्या कार्यशाळेतच झाला म्हणायचा. लेक झाली, तीही तिथेच वाढली. रुसली की वाळवंटाच्या भिंतीमागे जाऊन बसायची. पुढे ती परिचारिका झाली आणि दुसऱ्या शहरात राहायला गेली. मग दोघंच उरली. ते शिडीवर, ही खाली मेणाच्या पातेल्याशी. दिवसभर तोंडं चालू. तिला कधी कंटाळा म्हणून आला नाही.

टुंड्राचा रंग उडाला होता, म्हणून संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी तो देखावा नव्याने करायला सांगितला. एका दुपारी पानबाई शेवाळाचा ट्रे घेऊन मागच्या बुटक्या दारातून वाकून आत गेली आणि समोर पाहते तर काय, टुंड्राच्या क्षितिजावर झाडं! रुंद पानांची, डेरेदार, हिरवीगार झाडं, एका रांगेत. तिला हसूच फुटलं.

"अहो, हे काय आणि?"

पेंढा भरलेल्या रेनडिअरकडे ब्रश दाखवत ते म्हणाले, "सावली नको का बिचाऱ्यांना?"

ती आणखी हसली. मग तिच्या लक्षात आलं की ते हसत नाहीयेत. ते मन लावून आणखी एका फांदीला पालवी काढत होते.

"अहो, टुंड्रा आहे ना हा?"

"मला शिकवतेस?" ते असे ओरडले की तिच्या हातातला ट्रे कलला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा चढला नव्हता.

ते घरी गेल्यावर ती मागे थांबली. तिला रंगवता येत नव्हतं, पण जन्मभर बघितलं होतं. राखाडीत पांढरा मिसळून तिने ती झाडं एकेक करून बुजवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा झाडं काढू लागले. तिने पुन्हा बुजवली. अशी तिची सारवासारव कितीतरी दिवस चालली. कुणी विचारलं की म्हणायची, "डोळे दुखतात त्यांचे, दुसरं काही नाही." लेकीलाही फोनवर हेच सांगितलं.

मग तो दिवस आला. दालनात एका शाळेची मुलं आली होती. पानबाई साचे धूत होती, तेवढ्यात बाहेरून हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज आला. ती धावली. वर्षावनाच्या काचेला मुलं चिकटली होती. आत, तिने केलेल्या पानांच्या गर्दीत, आभाळवाले गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि रडत होते. मुलांना तो देखाव्याचाच भाग वाटत होता. त्यांच्या बाई गोंधळून "चला, चला पुढे" म्हणत होत्या.

ती मागच्या दाराने आत शिरली. "चला, उठा बघू," असं म्हणून तिने हात पुढे केला. ते आणखी आत सरकले.

"तुम्ही कोण?"

लग्न झाल्यापासून तिने त्यांना अहोजाहो केलं होतं, आणि त्यांनी तिला अगं, तू, वेडाबाई. आज ते तिला 'तुम्ही' म्हणाले. पाहुण्या बाईला म्हणावं तसं, अदबीने.

"पानांना हात नका लावू हां," ते म्हणाले. "बायकोने केलीत माझ्या. ती रागावेल."

"नाही लावत," ती म्हणाली.

"ती येईलच इतक्यात. ती आली की मी निघेन."

"मग मी थांबू का तोवर तुमच्याबरोबर?"

त्यांनी थोडा विचार केला आणि सरकून जागा दिली. ती त्यांच्या शेजारी बसली. काचेपलीकडची मुलं गेली, दालन रिकामं झालं. आणि ती तिथे, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, त्यांच्या बायकोची वाट बघत बसली.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. प्रमुख बाई शब्दानेही लागट बोलल्या नाहीत. "आधीच का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. लेक रजा काढून आली. तिने बापाची नखं कापली, दाढी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. त्यांनी लेकीला ओळखलं, पण शाळकरी मुलगी म्हणून. "गृहपाठ झाला का?" असं विचारत राहिले.

पानबाईने कामावरून सुट्टी घेतली, पण अधूनमधून घरीच मेण तापवायची. एकदा कढत मेण बोटांवर सांडलं. ते खुर्चीतून उठून आले. तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"भाजलं का हो तुम्हाला?"

"हो ना."

ते तिच्या बोटांवर फुंकर घालू लागले, लहान मुलाला घालतात तशी. ती थांबा म्हणाली नाही.

हिवाळा सरता सरता ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे तिला समजावत होते. तीही मान हलवत होती.

काही महिन्यांनी ती कामावर परतली. गवताळ प्रदेशाची भिंत तोवर दुसऱ्या चित्रकाराने रंगवली होती. आभाळ मोठं होतं, उन्हाने फिकुटलेलं, लांबवर पावसाची एक सर. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. चित्रकार तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"छान झालंय," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

मग ती कार्यशाळेत गेली, शेगडीवर पातेलं ठेवलं आणि शेगडी न पेटवताच स्टुलावर बसून राहिली. बाहेर चित्रकार शिडी ओढत होता. थोड्या वेळाने त्याने दारातून डोकावून विचारलं, "पानबाई, गवत कधी मिळेल?"

"करते," ती म्हणाली, आणि काड्यापेटी शोधू लागली.